संडे स्कूलच्या वर्गात स्वतःचंच मूल

प्रश्न: चर्चच्या संडे स्कूलमध्ये, म्हणजे मुलांना बायबल शिकवणाऱ्या रविवारच्या वर्गांत, मी शिकवते त्या ६ ते ८ वयोगटाच्या वर्गात माझी मुलगीही आहे. प्रत्येक उत्तर तीच आधी देते, थांबवलं की रुसते. काय करावं?

उत्तर १: पाठाची तयारी तिच्यासमोर करता का? मग उत्तरं तिला आधीच ठाऊक असतात. बायबलमधल्या लूक १५ (लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय) मधल्या हरवलेल्या मेंढराची गोष्ट तिलाही वर्गातच ऐकू द्या. नावांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवा. जिची निघेल तिने बोलायचं. प्रश्नानंतर ५ सेकंद थांबा, बुजरी मुलंही तोंड उघडतात.

उत्तर २: चिठ्ठ्या उत्तम. पण तिला समज द्यायची वेळ आली तर सहशिक्षिकेने द्यावी. आईने सगळ्यांसमोर टोकलेलं फार लागतं.

उत्तर ३: पक्षपात दिसू नये म्हणून तिला सतत डावलू नका, तोही अन्यायच. सुवर्णवचन (बायबलमधलं पाठ करायचं वचन) म्हणायची पाळी तिलाही हवी.