मदत हवी आहे: १९९३ सालच्या व्हीएचएस कॅसेटमधला आजीचा आवाज वाचवायचा आहे

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

आमचं मूळ घर चिपळूणचं. मे १९९३ मध्ये धाकट्या आत्याचं लग्न घरच्या खळ्यातच मांडव घालून झालं. शूटिंगला खांद्यावरचा मोठा कॅमेरा होता आणि एक पोरगा हॅलोजनचा दिवा धरून मागे मागे फिरत होता. त्या लग्नाच्या आणि पुढच्या काही कार्यांच्या मिळून नऊ व्हीएचएस कॅसेट आमच्याकडे आहेत. त्यातल्या दोन 'मिक्सिंग झालेल्या', म्हणजे नावं टाकलेल्या, फुलं उडणाऱ्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी भरलेल्या. मूळ आवाज त्यांत कुठेच नाही.

काकांनी तेव्हा हट्टाने एक कच्ची कॅसेटही मागून घेतली होती. तिच्या पट्टीवर निळ्या बॉलपेननं लिहिलंय, 'घाणा, हळद'. आजीनं घाणा भरताना जात्यावर म्हटलेल्या ओव्या फक्त तिच्यात आहेत. आजी १९९७ मध्ये गेली. तिचे फोटो आहेत, हाताची दोन पत्रं आहेत, पण आवाज दुसरीकडे कुठेच नाही. आत्या आता पासष्टीची आहे आणि दर वेळी फोनवर विचारते, "त्या कॅसेटचं काही झालं का गं?"

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले. तीन कॅसेट चिखलात गेल्या. घाण्याची कॅसेट वरच्या कप्प्यात होती, ती भिजली नाही. पण घर पुढे कित्येक आठवडे ओलं होतं. आता खिडकीतून पाहिलं की रिळाच्या कडेवर पांढरे ठिपके दिसतात आणि एका जागी जाळीसारखं काहीतरी धरलंय.

मी पुण्यात राहते. इथल्या एका दुकानात चाचणी म्हणून मिक्सिंगवाली एक कॅसेट दिली होती. पेन ड्राइव्हवर मिळालेल्या फाइलमध्ये सगळ्यांचे चेहरे आडवे ताणलेले आहेत. आवाज सुरुवातीला बरोबर, पण तासाभरानं ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. कॅसेट परत आली तेव्हा टेपच्या सुरुवातीला चुणी पडलेली होती, जी आधी नव्हती. त्यामुळे घाण्याची कॅसेट कुणाच्याही हातात द्यायचा धीर होत नाही.

मावसभावानं माळ्यावरचा व्हीसीआर दिलाय. तो चालू होतो. यूएसबीला लावायचं एक स्वस्त कॅप्चर यंत्रही मी घेऊन ठेवलंय. प्रश्न असे आहेत: बुरशीची कॅसेट घरी साफ करता येते का? त्या दुकानात काय चुकलं असेल? आणि बुडालेल्या तीन कॅसेटचं काय करू? चित्र कसंही आलं तरी चालेल, मला आवाज हवा आहे.

प्रतिसाद

ताई, आधी एक करा. ती कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये घालू नका, पाच सेकंद बघायला म्हणूनसुद्धा नाही. बुरशी हेडवर, म्हणजे मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या भागावर, बसते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, आणि चिकटलेला थर ओढला गेला की टेप फाटते. मी बावीस वर्षं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्ती केली आहे. कोकणातून आलेल्या दर दुसऱ्या कॅसेटला हेच असायचं.

तुम्हाला आवाज हवा आहे म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. व्हीएचएसची टेप अर्धा इंच रुंद असते. चित्र मधल्या भागात तिरप्या रेघांमध्ये असतं. साधा आवाज मात्र टेपच्या वरच्या कडेला, जेमतेम एक मिलिमीटरच्या पट्टीत असतो. बुरशी कडेनंच आत शिरते आणि चुणीही कडेलाच पडते. म्हणजे चित्र ठीक दिसत असताना आवाज गेलेला असू शकतो. शिवाय आपल्याकडच्या पाल या व्हिडिओ पद्धतीत टेप सेकंदाला २३.३९ मिलिमीटर इतकी हळू सरकते, गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्याच वेगानं. त्यामुळे हा आवाज मुळातच थोडा दबका असतो. जे शिल्लक आहे ते सगळं उचलावं लागेल.

साफसफाई घरी होते, घाई केली नाही तर. कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांबरोबर आठ-दहा दिवस ठेवा. उन्हात अजिबात नको. ओली बुरशी पुसली की पसरते, वाळलेली भुकटी होऊन सुटते. मग गॅलरीत किंवा गच्चीवर बसा, तोंडाला एन-९५ मास्क लावा. कॅसेटच्या पाठीला पाच स्क्रू असतात. ते काढले की वरचं झाकण अलगद उचला आणि उघडल्या उघडल्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा, टेप कुठल्या खुंटीवरून कशी गेली आहे त्याचा. स्प्रिंगा उडतात, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा. रिळाच्या कडेवरची भुकटी मऊ ब्रशनं बाहेरच्या दिशेनं झाडा. नंतर दोन्ही रिळं एखाद्या चांगल्या कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात बसवा आणि हातानं हळूहळू गुंडाळत, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या घडीतून टेप एकदा पूर्ण जाऊ द्या. डाग राहिलेच तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला जेमतेम ओलसर होईल इतकंच. मेडिकलमधलं साधं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. टेपच्या चकचकीत बाजूला बोट लावू नका. या कामाला माझ्या हाताला दोन तास लागायचे, तुम्ही एक अख्खी दुपार धरा.

आणि हो, नावाची पट्टी असते त्या कडेच्या कोपऱ्यातली प्लॅस्टिकची बारकी चिप शाबूत असेल तर आजच मोडून टाका. ती असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर आजीवर निळा पडदा रेकॉर्ड होईल.

माळ्यावरच्या व्हीसीआरवर लगेच विश्वास ठेवू नका. इतक्या वर्षांत रबरी पट्टे सैल पडतात, टेप दाबून धरणारा रोलर कडक होतो. तुमच्या दुकानातल्या चुणीचं कारण बहुतेक हेच. एखादी नको असलेली कॅसेट दहा मिनिटं चालवा, पुढे-मागे करा, बाहेर काढून कड बॅटरीच्या उजेडात बघा. कड सरळ असेल तरच पुढे जा. गोल फिरणारं हेड पुसताना कापड स्थिर धरायचं आणि ड्रम हातानं फिरवायचा. कापड उभं घासलं की हेडची टोकं तुटतात आणि ती आता मिळत नाहीत. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिनंही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी करा, जुन्या मशीनवर हात बसलेला एखादा कारागीर भेटू शकतो.

बुडालेल्या तिघींना हात लावू नका. चिखल वाळला की तो टेपवर सॅण्डपेपरसारखा घासतो आणि थर एकमेकांना चिकटलेले असतात. रिळ सबंध डिस्टिल्ड पाण्यात धुऊन सावकाश वाळवतात, पण ते शिकलेल्या हाताचं काम आहे. हातोटी येईपर्यंत त्या डब्यात राहू देत.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर. मी फक्त कॅप्चरचं लिहितो.

चेहरे आडवे झाले कारण ४:३ चं (जुन्या टीव्हीच्या मापाचं) चित्र १६:९ मध्ये (आताच्या रुंद पडद्याच्या मापात) ओढून बसवलं. आवाज मागे पडला त्याचं कारण वेगळं आहे. जुन्या टेपचा सिग्नल थरथरतो. स्वस्त यंत्र अशा वेळी मधल्या फ्रेम गाळतं, आवाज मात्र अखंड घेतं, आणि दर मिनिटाला फरक वाढत जातो. यावर टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची थरथर सरळ करणारं यंत्र, लागतो. तो महाग आणि दुर्मीळ आहे, पण जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला तर व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये जोडून बघा. रेकॉर्ड काही करायचं नाही, सिग्नल फक्त त्यातून जाऊ द्यायचा. काही मॉडेल चित्र चांगलंच स्थिर करतात.

७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक रेघांचं) चित्र तसंच ठेवून, हफवाययूव्हीसारख्या लॉसलेस कोडेकमध्ये, म्हणजे काहीही न गाळता साठवणाऱ्या पद्धतीत, घ्या. आवाज ४८ किलोहर्ट्‌झ, विना कॉम्प्रेशन. तासाला २५-३० जीबी जागा जाईल, जाऊ द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायची छोटी फाइल नंतर त्यातून काढता येते, उलटं होत नाही. खरखर कमी करणारे फिल्टर मूळ फाइलवर लावू नका, त्यात जात्याची घरघर आधी जाईल.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: व्हीसीआर हाय-फाय (चित्राच्या भागातलाही आवाज वाचणारा) असेल तर आवाजाची निवड 'नॉर्मल'वर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, करा. आवाज तरीही घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर कारागिराकडून ऑडिओ हेडचा तिरपेपणा जुळवून घ्या. कानानं ऐकत तो बारीक स्क्रू फिरवायचा, बांगड्यांचा आवाज स्पष्ट झाला की थांबायचं. आधीच्या जागेवर खूण मात्र करून ठेवायची.

प्रतिसाद

एक छोटी भर. मी न्यू जर्सीत असते. आईकडच्या कॅसेट मी इकडे आणल्या आणि इथल्या मशीनवर नुसत्या पट्ट्या दिसल्या. इथलं मशीन एनटीएससी, आपल्या कॅसेट पाल. पुढच्या खेपेला परत भारतात नेऊन तिथे काम केलं. कुणाच्या परदेशातल्या नातेवाइकानं "इकडे पाठव, करून देतो" म्हटलं तर आधी हे विचारा.

धागाकर्ती

दादा, तुम्ही सगळ्यांनी इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. चिप शाबूत होती. वाचल्या वाचल्या मोडली. कॅसेट डब्यात ठेवली आहे. झालं की इथेच लिहीन.

धागाकर्ती, पाच आठवड्यांनंतर

झालं. आवाज आला.

डब्यात बारा दिवस ठेवली. रविवारी गच्चीवर बसून पाचही स्क्रू काढले. फोटो काढून ठेवा म्हणालात ते किती बरं झालं, टेप एका खुंटीवरून निसटलीच होती. जाळी वाळून पिठासारखी झाली होती, ब्रशला लगेच आली. माळ्यावरचा व्हीसीआर चाचणीत नापास झाला, रद्दीतल्या कॅसेटची खालची कड त्यानं चुरगळली. तपकीर गल्लीतून विचारत विचारत एका काकांपर्यंत पोचले. त्यांच्याकडे चालू मशीन होतं. मी लॅपटॉप आणि कॅप्चर यंत्र तिथेच घेऊन गेले, कॅसेट माझ्या डोळ्यांसमोर लावली. डीव्हीडी रेकॉर्डरही त्यांच्याकडेच निघाला.

पहिली चार मिनिटं नुसत्या मुंग्या. मग खळं दिसलं, आंब्याची पानं बांधलेली मुसळं दिसली. आवाज फार दबका होता. काकांनी स्क्रूवर खूण केली आणि कान लावून पाव पाव वळसा फिरवत गेले. एका जागी आल्यावर एकदम बांगड्या वाजल्या. त्यामागे जातं, आणि जात्यावर आजी. मधेच कुणीतरी "लाइट खाली घे, डोळ्यावर येतोय" म्हणतं, आणि आजी न थांबता पुढची ओवी उचलते. अकरा मिनिटं सलग आहे. दोन ठिकाणी आवाज बुडतो, तिथेच बुरशीचा मोठा डाग होता.

मोठी फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवली आहे, एक माझ्याकडे, एक माझ्या काकांच्या घरी चिपळूणला वरच्या मजल्यावर. आत्याला छोटी फाइल पाठवली. तिनं फोन केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही, पलीकडून फक्त तीच ओवी ऐकू येत होती.

आता आणखी एक मदत. आजी ओव्यांमधून एकेका देवाला लग्नाचं आमंत्रण देते. आधी गणपती, मग कुलदैवत, मग आमचा काळभैरव. पाचव्या ओवीत ती तिच्या माहेरच्या देवीचं नाव घेते आणि नेमका तिथेच आवाज बुडतो. शेवटचं '-आई' एवढंच स्पष्ट येतं. मानाई असेल, पावणाई असेल किंवा नवलाई. आत्यालाही आठवत नाही. आजीचं माहेर गुहागर तालुक्यात, खाडीच्या अंगाला होतं. त्या बाजूच्या कुणाच्या घरी घाण्याच्या ओव्या अजून म्हणत असतील, तर गावच्या देवीचं नाव त्यात कसं येतं ते सांगाल का? मी तेवढा वीस सेकंदांचा तुकडा वेगळा काढून ठेवला आहे, हवा असेल त्यांना पाठवते.