शाखेत ॲक्सिलरेटर: थेट लाइनीत लावायचा की बाजूला?

गोदाकाठ
आमचं द्राक्ष आणि कांदा निर्यातीचं काम. मुख्य ऑफिस आणि सर्व्हर नाशिकच्या अंबडला, पॅकहाउस पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरीला, एक शाखा कळवणला, स्ट्रॉबेरीचं संकलन केंद्र सुरगाण्याकडे, आणि कागदपत्रं बघणारी माणसं न्हावा शेवा बंदराला. हंगामात लॅब रिपोर्ट, स्कॅन आणि पेट्यांचे फोटो असं सगळं अंबडच्या एकाच शेअर फोल्डरमध्ये येतं. संध्याकाळी कंटेनर भरायच्या वेळेला बाहेरच्या शाखांना तो फोल्डर उघडेनासा होतो.

दर शाखेला वॅन ॲक्सिलरेटरचा, म्हणजे दूरच्या लाइनीवरून येणाऱ्या फाइली लवकर पोचवणारा, बॉक्स घ्यायचं मालकांनी जवळजवळ ठरवलंय. वाद आहे तो लावण्याच्या पद्धतीवर. माझं मत असं: शाखेत बॉक्स थेट लाइनीत, म्हणजे राउटर आणि स्विचच्या मध्ये; अंबडला मात्र बाजूला, म्हणजे राउटरने हवी तेवढी रहदारी त्याच्याकडे वळवायची. शाखेत आयटीचा माणूस नसतो आणि राउटर लाइन देणाऱ्या कंपनीचा असतो. त्यात एक ओळ बदलायची म्हटली तरी तक्रार नोंदवून वाट बघत बसावं लागतं. थेट लाइनीत लावला तर राउटरला हातच लावायचा नाही. वीज गेली की बॉक्समधला रिले दोन्ही पोर्ट आपसात जोडतो आणि काम चालू राहतं. अंबडला सगळ्या शाखांची रहदारी एकाच जागेतून जाते, तिथे तो धोका मी घेणार नाही.

सातपूरचा_वायरमन
अजिबात सहमत नाही. रिले कामाला येतो तो वीज गेल्यावर किंवा बॉक्स पुरता हँग झाल्यावर. खरा त्रास होतो बॉक्स अर्धवट अडकल्यावर. दिवे हिरवे, पिंग (लाइन जिवंत आहे का बघायची हाक) चालू, पण फाइल उघडत नाही. बॉक्सच्या लेखी तो ठणठणीत असतो, मग रिले पडणार कशाला? अशा वेळी दिंडोरीच्या सुपरवायझरला फोनवर कुठली केबल काढायची ते समजावत बसा.

बाजूला ठेवून डब्ल्यूसीसीपीने (राउटरने बॉक्सकडे रहदारी वळवायची ठरलेली पद्धत) रहदारी वळवली तर राउटर आणि बॉक्स दर १० सेकंदांनी एकमेकांची हजेरी घेतात. साधारण ३० सेकंद उत्तर आलं नाही की राउटर त्याला यादीतून काढतो आणि रहदारी सरळ जाते. अर्धवट अडकलेला बॉक्स हजेरी देत राहील हे खरं, पण मग अंबडहून एक कमांड दिली की तो वाटेतून बाजूला. शाखेत कोणी खुर्चीवरून उठायची गरज नाही.

गोदाकाठ
@सातपूरचा_वायरमन, ती कमांड देणार कोण? राउटर माझ्या ताब्यात नाही. शिवाय आमच्या शाखांतल्या साध्या राउटरना डब्ल्यूसीसीपी येत नाही. उरतं पॉलिसी राउटिंग, म्हणजे ठराविक रहदारी बॉक्सकडे पाठवायचा नियम राउटरमध्ये लिहायचा, आणि त्यात बॉक्स जिवंत आहे का हे तपासायची सोय लावली नाही तर बॉक्स मेल्यावरही राउटर पॅकेट त्याच्याच दारात टाकत राहतो. ही सोय लाइन देणाऱ्यांकडून प्रत्येक शाखेत नीट करून घेणं मला तरी जमण्यातलं वाटत नाही.

रिलेबद्दल एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. बॉक्स बंद पडला की त्याच्या दोन बाजूंच्या केबली मिळून एकच केबल होते, आणि राउटरला समोर थेट स्विच दिसतो. राउटरचा पोर्ट कोणी १०० एमबीपीएस फुल-डुप्लेक्सवर (दोन्ही दिशांना एकाच वेळी) ठोकून ठेवला असेल आणि स्विचचा ऑटोवर असेल, तर स्विच हाफ-डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतो. लिंक लागते, पिंगही जातं, पण जरा मोठी फाइल आली की सगळं रांगायला लागतं. बॉक्स चालू असताना हा दोष झाकलेला राहतो. म्हणून लावायच्या दिवशीच, आधी बॉक्स न जोडता दोन्ही केबली कपलरने जोडून फाइल कॉपी करून बघायची, मग बॉक्स घालायचा, आणि शेवटी त्याचा प्लग खेचून तीच फाइल परत. यात कसर केली तर पहिल्या भारनियमनाला कळेलच.

सिन्नरकरीण
पद्धतीवर भांडण्याआधी लाइनीतून जातंय काय ते बघा. बॉक्स मुख्यतः तीन कामं करतो: आधी जाऊन आलेले बाइट ओळखून पुन्हा पाठवत नाही, उरलेलं आकसून पाठवतो, आणि प्रश्न-उत्तराच्या फेऱ्यांमधली वाट पाहणं कमी करतो. टॅली रिमोट डेस्कटॉपवर चालत असेल तर ती रहदारी आधीच आकसलेली आणि एन्क्रिप्टेड आहे, बॉक्सला तिथे करण्यासारखं फार काही नाही. फोटो जेपीजी, तेही आकसलेले. तोच फोटो दुसऱ्यांदा मागवला तरच फायदा. वेबची रहदारी टीएलएसमध्ये, म्हणजे तीही एन्क्रिप्टेड, आणि क्विक या नव्या पद्धतीने गेली तर ती यूडीपी, टीसीपी नव्हेच. टीसीपीसाठी (फाइली नेणाऱ्या नेहमीच्या पद्धतीसाठी) केलेल्या खटपटीचा तिथे काही उपयोग नाही.

शेअर फोल्डरचं म्हणाल तर एसएमबी सायनिंग (शेअर फोल्डरच्या प्रत्येक पॅकेटवर सही) बघा. विंडोज ११ प्रो आणि एंटरप्राइझच्या २४एच२ आवृत्तीपासून ते डीफॉल्टनेच सक्तीचं आहे. मग बॉक्सला डोमेनमध्ये (ऑफिसच्या ओळखीच्या मशीनांच्या यादीत) सामील करून घ्यावं लागतं, नाहीतर तो मधल्या मध्ये काहीच करू शकत नाही. सर्व्हरच्या वतीने सही करणारी पेटी पॅकहाउसमध्ये, कुलूप नसलेल्या कपाटात ठेवायला तुमचे मालक तयार आहेत का?

अंतराचंही तेच. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. पिंपळगावचं पॅकेट मुंबईला वळसा घालून अंबडला आलं तरी जाऊन-येऊन चार-पाच मिलिसेकंद, वर राउटरांचा थोडा वेळ. तिथे फेऱ्या वाचवून काय हाती लागणार? तिथे लाइनच अपुरी आहे, ती वाढवा. विंडोज सर्व्हरमध्ये ब्रँचकॅश (एकदा आलेल्या फाइलची प्रत शाखेतच ठेवणारी सोय) २००९ पासून आहे, लायसन्स बसत असेल तर आधी ते चालवून बघा.

गोदाकाठ
ताई, पिंपळगाव, दिंडोरी आणि न्हावा शेवाबद्दल तुमचं म्हणणं पटलं. तिथे फायबर आहे, तिथले बॉक्स यादीतून काढायला मी मालकांना सांगणार.

पण सुरगाण्याला व्हीसॅट, म्हणजे उपग्रहाची लाइन आहे. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद. एक फोल्डर उघडायला वीस फेऱ्या झाल्या तर दहा सेकंद नुसते वाट बघण्यात. लाइन दुप्पट केली तरी हे दहा सेकंद तसेच. सकाळी तोडलेली स्ट्रॉबेरी उन्हात ठेवून कागदाची वाट बघणाऱ्या माणसाला ‘लाइन वाढवा’ हे उत्तर मी देऊ शकत नाही. तिथे बॉक्स हवाच, आणि थेट लाइनीतच हवा.

सातपूरचा_वायरमन
व्हीसॅटच्या मोडेममध्ये टीसीपीचा वेग वाढवायची सोय बहुतेक वेळा असतेच. तुम्ही अंबडपर्यंत आयपीसेक टनेल (एन्क्रिप्टेड बोगदा) बांधलं असेल तर मोडेमला आतलं टीसीपी दिसतच नाही आणि ती सोय वाया जाते. म्हणून बॉक्स टनेलच्या अलीकडे, लॅनच्या, म्हणजे शाखेतल्या नेटवर्कच्या, बाजूला बसला पाहिजे. टनेल राउटरवरच असेल तर तुमची राउटर आणि स्विचमधली जागा बरोबर आहे, सुरगाण्यापुरतं मान्य करतो. मधली फायरवॉल अनोळखी टीसीपी ऑप्शन (पॅकेटवरच्या जादा खुणा) काढून टाकत नाही ना, तेही बघून घ्या. बरेच बॉक्स त्याच ऑप्शनवरून समोरचा जोडीदार ओळखतात. ते पुसलं गेलं तर रहदारी चालते, वेग मात्र काडीचा वाढत नाही.

कळवणला तुमच्या किती लाइनी आहेत?

गोदाकाठ
दोन. एक फायबर, एक ४जी, वेगवेगळ्या राउटरवर. पाऊस सुरू झाला की फायबर तुटते.

सातपूरचा_वायरमन
मग तिथे एका लाइनीत बॉक्स बसवून चालणार नाही. पॅकेट फायबरने गेलं आणि उत्तर ४जीने आलं तर बॉक्सला अर्धंच संभाषण दिसतं आणि तो ते कनेक्शन सुधारू शकत नाही. एकतर दोन्ही लाइनी एकाच बॉक्समधून न्या, म्हणजे चार पोर्टांचं बायपास (रिलेवालं) कार्ड घ्या, नाहीतर माझं ऐका आणि बाजूला ठेवा.

सिन्नरकरीण
किंवा कळवणला दोन्ही लाइनी सांभाळणारा एक चांगला राउटर स्वतःचा घ्या आणि बॉक्सचे पैसे वाचवा. ४जीवर फेरीला ५०-६० मिलिसेकंद लागले तरी सुरगाण्याच्या मानाने काहीच नाही.

गोदाकाठ
राउटर स्वतःचा घेतला तर बाजूला ठेवण्यावरचा माझा मोठा आक्षेप कळवणपुरता उरत नाही, हे खरं. पण फायबर तुटलेल्या दिवशी सगळा भार ४जीवर येतो, आणि नेमका तेव्हाच तो रांगतो. बॉक्स नको म्हणायला मी अजून तयार नाही. आधी राउटर घेतो, फायबर मुद्दाम काढून ४जीवर आठवडाभर रहदारी मोजतो आणि आकडे इथेच टाकतो.