मदत हवी आहे: ऊसदरातून सातवीची शेकडेवारी

बेळगाव जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला गणित शिकवते, पुस्तक कर्नाटकचं. शेकडेवारीला ऊसदर घेतला. 2025-26 ची एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्याला, क्विंटलमागे 355 रुपये, वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा. 11 टक्क्यांना टनाचा दर मुलांनी स्वतः काढला. तोडणी-वाहतूक वजा करून हातात काय उरतं, यावर तर वर्ग पेटलाच!

आता गुणोत्तरासाठी तोडणीची मजुरी, उचल (मजुरांनी आगाऊ घेतलेले पैसे) आणि टोळीतली वाटणी घ्यायची आहे. पण बागायतदारांची आणि तोडणी मजुरांची मुलं एकाच बाकावर बसतात. घरची बिलं मागवणार नाही. मनचे आकडे देऊन पाहिले, मुलांना ते खोटे वाटले. तास 40 मिनिटांचाच.

कुणाच्याही घरावर बोट न येता हे खऱ्या आकड्यांनी कुणी शिकवलंय का? पहिलं उदाहरण कोणतं घेतलं?