ब्रेट विरुद्ध ओवेन, १९९४: केवळ ‘बाहेर पडणे’ हाच विजयाचा नियम योग्य होता का?

पंचवटीतला_धाकटा

सर्वांना नमस्कार. १९९४ च्या समरस्लॅममध्ये (अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या मोठ्या कार्यक्रमात) ब्रेट हार्ट आणि ओवेन हार्ट या सख्ख्या भावांचा पिंजऱ्यात जो सामना झाला, त्याविषयी एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. येथे कुस्तीचे जाणकार आहेत, म्हणून तो मांडतो.

आमच्या घरी तेव्हा केबल आलेली नव्हती. थोरला भाऊ रविवार कारंजाजवळच्या एका व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट भाड्याने आणत असे आणि आम्ही दोघे ती शेजारच्या काकांच्या व्हीसीआरवर पाहत असू. समरस्लॅमची कॅसेट इतक्या हातांतून फिरून आली होती, की सामना रंगात आला असताना, ओवेन पिंजऱ्याच्या माथ्याशी पोहोचला आहे आणि ब्रेट त्याला खाली ओढतो आहे, अशा नेमक्या क्षणी फीत आत गुंडाळली गेली. काकांनी झाकण उघडून ती हलक्या हाताने सोडवली, परंतु पुढच्या भागात पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या. लायब्ररीवाल्याने भरपाई आमच्याकडूनच वसूल केली. ब्रेट जिंकला एवढे नंतर शाळेत कळले, पण कसा जिंकला हे सांगणारे कोणी भेटले नाही. माझा भाऊ ब्रेटचा आणि मी ओवेनचा, त्यामुळे आमच्यात हा वाद अनेक वर्षे चालला.

गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी तो सामना प्रथमच शेवटपर्यंत पाहिला. तो सुमारे ३२ मिनिटे चालतो. पुतण्या सोबत होता आणि त्याचे म्हणणे असे, की यात चढणे आणि खाली ओढणे याखेरीज काही नाही. पाठ टेकवून जिंकता येत नाही, शरण आणून जिंकता येत नाही, दारातून किंवा वरून बाहेर पडून पाय जमिनीला लागले की विजय, मग एवढी झटापट कशासाठी? मला त्याचे पटले नाही, पण उत्तरही देता आले नाही. या नियमाने सामन्याचे भले झाले की नुकसान, हे जाणकारांनी सांगावे.

नाशिकरोडचा_प्रेक्षक

आपला प्रश्न मोलाचा आहे. माझ्या मते या नियमानेच हा सामना मोठा केला, मात्र त्यासाठी मागचे नऊ महिने लक्षात घ्यावे लागतील.

वैराची सुरुवात याच कंपनीच्या नोव्हेंबर १९९३ च्या सर्व्हायव्हर सिरीज या कार्यक्रमात झाली. हार्ट भावांच्या संघातून एकटा ओवेन बाद झाला, तोही ब्रेटशी झालेल्या धडकेमुळे, आणि बाकीचे तिघे जिंकले. जानेवारी १९९४ च्या रॉयल रंबलमध्ये दोघे जोडीच्या किताबासाठी एकत्र लढले. ब्रेटचा गुडघा दुखावलेला असताना त्याने ओवेनला हात देऊन आत घेतले नाही, सामना हातचा गेला आणि ओवेनने त्याच दुखऱ्या पायावर लाथ घातली. २० मार्चला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेसलमेनिया १० ची सुरुवातच या दोघांच्या लढतीने झाली आणि ओवेनने थोरल्याला सरळसरळ हरवले. त्याच रात्री ब्रेट योकोझुनाला हरवून जगज्जेता झाला. म्हणजे पट्टा ब्रेटकडे आणि ‘याला मी हरवले आहे’ हे वाक्य ओवेनकडे, अशी ती विभागणी होती. जूनमध्ये ओवेन किंग ऑफ द रिंग झाला. त्या रात्री मेहुणा जिम नाइडहार्ट आधी ब्रेटच्या मदतीला आल्यासारखा दिसला आणि नंतर त्याने ओवेनला जिंकवले. ब्रेटचा पट्टा त्याने वाचवला होता तो पुढे ओवेनने घ्यावा म्हणून, हे तेव्हा उघड झाले.

आता पिंजऱ्याकडे येऊ. व्यावसायिक कुस्तीत पिंजरा आणला जातो तो दोन कारणांसाठी: बाहेरच्यांनी आत शिरू नये आणि आतल्याने पळू नये. पळपुट्या खलनायकाला कोंडायचे, त्याचे कपाळ जाळीवर घासायचे, रक्त काढायचे आणि हिशेब पुरा करायचा, अशी ती रीत होती. २९ ऑगस्टला शिकागोच्या नव्या कोऱ्या युनायटेड सेंटरमध्ये जे झाले त्यात रक्ताचा थेंबही नव्हता. दोघेही पळपुटे नव्हते आणि दोघांनाही एकच हवे होते: दुसऱ्याच्या आधी बाहेर पडायचे. हरवायचे असेल तर भावाला मागे टाकून जावे लागेल, असा नियम घातल्यावर प्रत्येक चढाई ही त्याला सोडून जाण्याची चढाई होते आणि पाय धरून खाली ओढणारा हात ‘तुला जाऊ देणार नाही’ असे म्हणू लागतो. परक्या दोघांत हा नियम खरोखर कंटाळवाणा होतो, हे मी मान्य करतो. निळ्या जाड गजांच्या त्या पिंजऱ्यात धिप्पाड मल्लांचे कितीतरी सामने केवळ रटाळ चढउतार ठरले. हे दोघे मात्र हलके, चपळ आणि एकाच घरात शिकलेले असल्याने प्रत्येक पाठलाग शेवटच्या क्षणापर्यंत ताणता आला.

पुतण्याला एकच करायला सांगा: ओवेन गजांवर असताना त्याच्याकडे न पाहता खाली पडलेल्या ब्रेटकडे पाहा. तो कधी डोळे उघडतो, कधी रांगू लागतो आणि किती उशिरा पोहोचतो, सारा सामना तेथे आहे.

भगूरचा_जुना_पैलवान

नाशिकरोडच्या साहेबांचे विवेचन आवडले, तरी माझे मत वेगळे आहे. मी लाल मातीत वाढलो, वीस-बावीस वर्षांचा होईपर्यंत जत्रेतल्या कुस्त्या धरल्या, आणि या भावांची खरी कुस्ती मी मार्च महिन्यातलीच मानतो. तिचा शेवट आठवा. ब्रेट ओवेनच्या खांद्यावरून झेप घेऊन त्याला गुंडाळायला जातो आणि ओवेन तेथल्या तेथे खाली बसून त्यालाच दाबून धरतो. प्रतिस्पर्ध्याचा डाव त्याच्याच अंगावर उलटवणे, यालाच आमचे वस्ताद प्रतिडाव म्हणत. वीस मिनिटांच्या लढतीचा निकाल एका क्षणात आणि निर्विवाद लागतो. पिंजऱ्यातल्या सामन्यात तसे समाधान मिळत नाही.

माझा दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. त्या सामन्यात ओवेन ब्रेटला शार्पशूटर (पाय मुडपून शरण आणणारा पेच) लावतो, ब्रेट तो उलटवून ओवेनला लावतो आणि प्रेक्षक उभे राहतात. परंतु शरणागतीला किंमतच नसेल, तर पेच धरून बसायचे कशाला? तेवढ्या वेळात दार गाठता आले असते. येथे नियम आणि डाव यांचा मेळ बसत नाही.

हे सगळे आधी ठरलेले असते, मग त्यावर चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल म्हणून आधीच लिहितो. आमच्याकडे नुरा कुस्ती हा शब्द शिवीसारखा वापरतात आणि ते रास्तच आहे, कारण नुरा लढणारा मल्ल खऱ्या कुस्तीचे पैसे घेऊन प्रेक्षकांना फसवतो. हार्ट बंधूंनी कोणाला फसवले नाही. दशावतारात रावण पडणार हे ठाऊक असूनही आपण रात्रभर बसतो, तसेच हे आहे. शिवाय पाठीवर पडणे ठरवून झाले तरी पाठ खरीच असते. त्यांचे वडील स्टू हार्ट यांनी कॅल्गरीतल्या घराच्या तळघरात ‘डंजन’ नावाची तालीम चालवली आणि तिथे ते नवख्यांना असे पेच लावत, की भिंतीपलीकडे ओरडणे ऐकू जाई. त्या तळघरातून आलेल्या पोरांचा पाया कच्चा असणे शक्य नव्हते.

एकाच तालमीतले दोघे समोरासमोर आले की काय होते, हे आपण नाशिककरांनी जवळून अनुभवले आहे. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत नाशिककडून खेळणारा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, रोज एकमेकांशी सराव करणारे, त्यामुळे एकाचा डाव दुसऱ्याला आधीच कळत होता आणि कुस्ती ३-२ अशी निसटती सुटली. निकाल लागताच हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. ते दृश्य आठवले की आजही माझा गळा दाटून येतो. हार्टांच्या गोष्टीत नेमके तेच घडत नाही आणि तेच मला बोचते.

गंगापूर_रोडवरून_सुनीता

पैलवान काका, आपल्या शार्पशूटरच्या आक्षेपाला उत्तर आहे असे मला वाटते. तो पेच कंबर आणि पाय यांवर येतो. समोरच्याला चढता येऊ नये, एवढ्याचसाठी तो लावला असेल तर नियमाशी विसंगती राहत नाही. शिवाय शार्पशूटर हा ब्रेटचा हुकमी डाव होता आणि धाकट्याने तो उचलला होता. थोरल्याचा डाव थोरल्यावरच लावायचा मोह ओवेनला आवरला नसेल, तर ती लेखनातली चूक मानू नये. तो त्याचा स्वभाव आहे.

आपण सारे दोघांकडेच पाहत आहात. मी पहिल्या रांगेकडे पाहत होते. वडील स्टू, आई हेलन, इतर भावंडे, बहीण डायना आणि तिचा नवरा डेव्ही बॉय स्मिथ तेथे बसले होते. दोनच वर्षांपूर्वी, त्याच २९ ऑगस्टला, लंडनच्या वेंबलीत डेव्ही बॉयने ब्रेटला हरवले होते आणि तेव्हाही भाऊ की नवरा अशा पेचात डायनाच होती. हार्टांच्या घरात बारा भावंडे. ब्रेट आठवा आणि ओवेन शेंडेफळ. बारा मुलांच्या आईने आपल्या दोघांना पिंजऱ्यात कोंडलेले पाहावे, यात अभिनय किती आणि काळजी किती हे मला आजही वेगळे करता येत नाही.

पंचवटीतल्या दादांनी हा प्रश्न विचारला म्हणून आवर्जून लिहिते. त्यांच्या वस्तीत भावांची गोष्ट म्हटली की राम-लक्ष्मण आठवतात, पण त्याच रामायणात वाली-सुग्रीवही आहेत. गुहेच्या तोंडाशी शिळा लावून भावाला आत ठेवून आलेला सुग्रीव आणि ‘तू मला मुद्दाम कोंडलेस’ या संशयाने पेटलेला वाली. त्यांच्या द्वंद्वात रामालाही पहिल्यांदा कोण कोणता हे ओळखता आले नव्हते, इतके ते सारखे होते. ओवेन आणि ब्रेट यांचे डाव, पवित्रे आणि पडण्याची पद्धतही तशीच एका साच्यातली आहे. नियमात केवळ ‘बाहेर पडणे’ असल्यामुळे मला ती गुहा दिसते आणि म्हणून मी नाशिकरोडच्या साहेबांच्या बाजूने आहे.

काकांना जे बोचते ते मलाही बोचते. सामना संपताच नाइडहार्टने डेव्ही बॉयला पाठीमागून हाणले, पिंजऱ्यात शिरून दाराला कुलूप घातले आणि त्याने व ओवेनने मिळून ब्रेटला मारले. बाकीचे भाऊ गजांवर चढून आत यायला धडपडत होते. पिंजरा बाहेरच्यांना रोखण्यासाठी असतो. त्या रात्री त्याने कुटुंबालाच रोखले. पुढे २३ नोव्हेंबरला ब्रेट बॉब बॅकलंडच्या पेचात अडकलेला असताना ओवेनने रडून आईची विनवणी केली, तिने टॉवेल आत टाकला, म्हणजे त्याच्या वतीने हार मानली, ब्रेटचा किताब गेला आणि ओवेन हसत पळत सुटला. पिंजऱ्यात जे जमले नाही, ते त्याने आईच्या मायेचा वापर करून साधले. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते आणि ओवेनचा मला इतका राग आला होता, की मल्लांची चित्रे असलेल्या पत्त्यांच्या खेळात त्याचा पत्ता आला तर मी तो सर्वांत खाली घालत असे.

पंचवटीतला_धाकटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुनीताताई, डेव्ही बॉयच्या त्या तारखेचा योग माझ्या लक्षात आला नव्हता.

आपली उत्तरे वाचून काल रात्री आम्ही शेवटची पाच मिनिटे पुन्हा पाहिली. ब्रेट पिंजऱ्याच्या माथ्याजवळून ओवेनला सुपरप्लेक्स देतो, म्हणजे उचलून मागे पाठीवर आपटतो, आणि दोघे चटईवर निपचित पडतात. मग दोघेही पुन्हा चढतात, दोघेही पलीकडे जातात आणि गजांच्या बाहेरच्या बाजूने एकाच वेळी उतरू लागतात. तेथे ओवेन निसटतो आणि त्याचा पाय गजांत अडकतो. तो उलटा लोंबकळत राहतो, हात जमिनीकडे ताणलेले, आणि ब्रेट खाली उडी मारतो. पैलवान काका, आपण म्हणता तसा निर्विवाद निकाल येथे नाही हे खरे आहे, पण मला आता तो त्यामुळेच आवडतो. ओवेनला कोणी पाडले नाही, कोणी शरण आणले नाही. तो पिंजऱ्याबाहेर पोहोचलेला होता. फक्त पाय मोकळा झाला नाही. भावाशी इतकी वर्षे घातलेल्या वादात माझी बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे त्यानेही काल कबूल केले.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांनाही पाहवली नाही. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेनला छतावरून दोराने रिंगणात उतरवत असताना तो खाली कोसळला आणि गेला. तो अवघा चौतीस वर्षांचा होता. त्यामुळे पिंजऱ्याच्या माथ्यावर तो क्षणभर तोल सावरत उभा राहतो, त्या ठिकाणी भावाने नकळत माझा दंड घट्ट धरला.

नाशिकरोडच्या साहेबांनी सुचवल्याप्रमाणे पुतण्याला खाली पडलेल्या ब्रेटकडे पाहायला सांगितले. त्याने काही मत दिले नाही, पण मार्चमधली ती पहिली लढत कुठे पाहायला मिळेल, असे विचारले. रविवारी तो घरी येतो आहे.