मदत हवी आहे : मशीनवर उमर गेली, वर्डच्या स्क्रीनपुढे अडाणी

खटखट_मामा :

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. सिव्हिल लाइन्सला कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल-मशीन मांडून अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाइप करण्यात उमर गेली. मराठी ३० आणि इंग्रजी ४० (मिनिटाला शब्द), दोन्ही परीक्षा पास आहे. पण ते सगळं लोखंडी मशीनवर. संगणकाला मी कधी हात लावला नाही आणि आता लावायची पाळी आली.

झालं असं की आमच्या फ्लॅट स्कीमच्या सेक्रेटरींनी नोटिसा आणि सभेचं इतिवृत्त माझ्या गळ्यात घातलं. ‘तुम्हाले टायपिंग येते ना काकाजी, मग काय!’ भाच्याने त्याचा जुना लॅपटॉप आणून दिला, त्यात वर्ड (लिहिण्या-छापण्याचा प्रोग्राम) दाखवलं, रेमिंग्टनचा म्हणजे मशीनसारख्याच कळांचा कीबोर्ड युनिकोडमध्ये टाकून दिला अन् पुण्याला निघून गेला. बोटं तीच, त्यामुळे टायपिंग होते. अडचण स्क्रीनची आहे. फोन केला की तो म्हणतो, ‘मामा, रिबनवर बघा ना.’ आता रिबन म्हणजे आमच्यासाठी काळी-लाल शाईची पट्टी. ती काचेवर कुठं शोधू?

आत्ता काय काय होऊन राहिलं ते सांगतो. वर आधी बरीच चित्रं-बटणं दिसायची, ती परवा गायब झाली. फक्त फाइल, होम, इन्सर्ट अशी नावं उरली. मधल्या ओळीत शब्द घालायला गेलो की पुढची अक्षरं खाल्ली जातात. मराठीच्या झाडून सगळ्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघ येते. माझं शुद्धलेखन इतकं काही वाईट नाही. शब्दांच्या मध्ये बारीक ठिपके आणि ओळीच्या शेवटी उलट्या पी-सारखी खूण दिसते, ती कागदावर येईल का ही भीती आहे.

आणि एक फजिती. अक्षर बारीक दिसत होतं म्हणून आकड्यांच्या खिडकीत २४ केलं. छान दिसायला लागलं. पाण्याची टाकी धुण्याची नोटीस छापली तर चार पानं निघाली. सेक्रेटरी म्हणाले, काकाजी, हे होर्डिंग आहे का?

कृपा करून कोणी ‘यूट्यूब बघा’ म्हणू नका. बघितलं. तो पोरगा फार भरभर बोलतो.

तर्रीपोहे :

काका, आधी वर्ड कोणतं ते सांगा. २००३ पर्यंतच्या वर्डमध्ये वर साधे मेनू होते, २००७ मध्ये ती बटणांची रुंद पट्टी आली. भाचा म्हणतो ती रिबन तीच. फाइलवर क्लिक करून खाली अकाउंट असेल तिथं बघा, लिहिलेलं असते.

अन् नोटीस चार पानी निघाली तर काहून रागावता, टाकी मोठी असंन बापा.

खटखट_मामा :

२०१६ लिहिलं आहे. टाक्या दोन आहेत.

बर्डीवाली :

मामा, मी गेली काही वर्षं संगणकाच्या वर्गात शिकवते. माझ्याकडे मशीनवर शिकलेली मंडळी येतात आणि खरं सांगू, ती लवकर शिकतात. फक्त त्यांना कोणी तरी स्क्रीनचे भाग मशीनच्या भाषेत सांगावे लागतात. करून बघते.

पहिले गायब झालेली बटणं. होम किंवा कुठल्याही नावावर दोनदा चटकन क्लिक केलं की रिबन मिटते. तुमच्याकडून तेच झालं असणार. परत दोनदा क्लिक करा, येईल. कंट्रोल दाबून एफ१ दाबलं तरी तेच. ही पट्टी म्हणजे कपाटाचे खण समजा : होममध्ये रोजचं सामान, इन्सर्टमध्ये कोष्टक आणि चित्र, लेआउटमध्ये कागदाचं माप आणि समास, व्ह्यूमध्ये नुसतं दिसण्याचं. बाकीचे खण वर्षभर उघडले नाहीत तरी तुमचं काही अडत नाही.

आता २४ ची भानगड. होममधला तो आकडा खऱ्या अक्षराचा, कागदावर उमटणारा. डोळ्यांना मोठं दिसावं म्हणून खाली अगदी उजव्या कोपऱ्यात एक सरकपट्टी आहे, उणे आणि अधिकच्या मध्ये. ती १० टक्क्यांपासून ५०० पर्यंत जाते. ती म्हणजे भिंग. भिंगाने अक्षर वाढत नाही, तसं हिने कागदावर काही फरक पडत नाही. अक्षर १२ किंवा १४ ठेवा आणि भिंग १५० करा.

त्याच खालच्या पट्टीला स्टेटस बार म्हणतात. शिकवताना मी सुरुवात वरून नाही, तिथून करते, कारण तिथं बटणांचा बाजार नाही. डावीकडे कितवं पान, एकूण किती पानं, किती शब्द, कोणती भाषा. छापण्याआधी ‘पान ४ पैकी १’ दिसलं असतं तर तुमचे तीन कागद वाचले असते. या पट्टीवर उजवं क्लिक करा, लांब यादी येईल. त्यात ओव्हरटाइपवर खूण करा. आता पट्टीवर ‘इन्सर्ट’ किंवा ‘ओव्हरटाइप’ यांपैकी एक दिसेल. तुमचं ओव्हरटाइपवर गेलंय, म्हणून अक्षरं खाल्ली जातात. त्याच शब्दावर एकदा क्लिक केलं की इन्सर्ट होईल. वर्डमध्ये हे मुळात बंद असतं, इन्सर्टची कळ दाबली तरी काही होत नाही. भाच्याने कधी तरी ती कळ चालू करून ठेवली असावी. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथं जाऊन इन्सर्ट कळीच्या ओळीवरची खूण काढून टाका, म्हणजे पुन्हा चुकून बोट लागायला नको.

लाल रेघांचा तुमच्या शुद्धलेखनाशी संबंध नाही. वर्ड तुमचं मराठी इंग्रजी समजून तपासतंय, किंवा मराठी तपासायचं सामानच त्यात नाही. कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा, रिव्ह्यूमध्ये लँग्वेज, त्यात सेट प्रूफिंग लँग्वेज, आणि तिथं स्पेलिंग तपासू नका अशा अर्थाचा चौकोन आहे त्यावर खूण. रेघा जातील. कागदावर त्या तशाही येत नाहीत.

ठिपके आणि उलटा पीसुद्धा कागदावर येत नाहीत. होममध्ये त्याच चिन्हाचं बटण आहे, त्याने दिसतात-लपतात. पण मामा, ते लपवू नका. ठिपका म्हणजे एकदा स्पेसबार दाबला, बाण म्हणजे टॅब, उलटा पी म्हणजे एंटर. तुम्ही म्हणालात ‘ओळीच्या शेवटी’. प्रत्येक ओळीच्या शेवटी आहे का तो?

खटखट_मामा :

हो, प्रत्येक ओळीच्या. घंटी वाजत नाही तर अंदाजाने एंटर मारतो.

बर्डीवाली :

वाटलंच होतं! मशीनवर घंटी वाजली की दांडी ओढून ओळ बदलायची, ही सवय सगळ्यांची. इथं उजवा समास आला की शब्द आपोआप खाली उतरतो. एंटर फक्त परिच्छेद संपला की. आज तुम्ही अक्षर २४ चं १४ केलं तर ओळी मध्येच तुटलेल्या दिसतील, ते या एंटरमुळे.

आधीचं दुरुस्त करायचं असेल तर परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडली होती का, ते बघा. सोडली असेल तर काम सोपं. कंट्रोल आणि एच दाबा. ‘मोअर’ उघडा, ‘स्पेशल’मध्ये पॅराग्राफ मार्क आहे. वरच्या खिडकीत तो दोनदा घ्या, खालच्या खिडकीत तुमच्या मजकुरात कुठंच नसेल असं काही तरी, म्हणजे तीन चांदण्या वगैरे. सगळे बदला. मग एकटा पॅराग्राफ मार्क शोधून त्याच्या जागी एक स्पेस. शेवटी तीन चांदण्यांच्या जागी परत पॅराग्राफ मार्क. हा क्रम चुकवू नका, आणि आधी फाइलची दुसरी प्रत ठेवा. बिघडलंच तर कंट्रोल आणि झेड. मशीनवर हे सुख नव्हतं, पांढरं लावून फुंकत बसावं लागायचं.

आता पट्टी, म्हणजे रूलर. व्ह्यूमध्ये रूलरवर खूण करा. हा भाग तुम्हाला घरचा वाटेल. पट्टीवर राखाडी आणि पांढरं जिथं भेटतं ते तुमचे मार्जिन स्टॉप. पांढऱ्या भागावर खालच्या कडेला क्लिक केलं की छोटा ‘एल’ उमटतो, तो टॅब सेट. टॅब क्लिअर करायचा तर तो एल धरून पट्टीवरून खाली ओढून सोडा. डावीकडे दोन त्रिकोण आणि एक चौकोन आहे : वरचा त्रिकोण परिच्छेदाच्या पहिल्या ओळीचा, खालचा बाकीच्या ओळींचा, चौकोन दोघांना सोबत नेतो.

पेंग्विनप्रेमी :

वर्डचा आग्रह कशाला? लिबरऑफिस फुकट आहे, मराठी मेनूसुद्धा मिळतात, आणि त्यात जुन्यासारखे साधे मेनू असतात. काकांना ते जास्त झेपेल.

बर्डीवाली :

लिबरऑफिस चांगलंच आहे, मीही वापरते. पण ज्याला आत्ताच एका घराच्या खोल्या कळायला लागल्या त्याला घर बदलायला नका सांगू. महिनाभराने सांगा.

खटखट_मामा :

दोन दिवस उत्तर देता आलं नाही, इथं दुपारी लाइट जाते अन् लॅपटॉपची बॅटरी म्हातारी आहे.

ताई, रिबन आली. अक्षरं खाणं थांबलं. रेघा गेल्या. चांदण्यांचा खेळ पहिल्यांदा उलटा केला, सगळं इतिवृत्त एका परिच्छेदात आलं. कंट्रोल-झेड केलं, परत केलं, बसलं. बायको म्हणते काय पुटपुटता, चांदण्या चांदण्या.

पट्टी बघून मात्र जीव भांड्यात पडला. एल उमटला तेव्हा कळ दाबल्याचा आवाज आला असं वाटलं खरंच. मशीनवर मथळा मधोमध घ्यायचा तर गाडी मध्यावर आणून दोन अक्षरांमागे एकदा बॅकस्पेस मारायचो, मनातल्या मनात मोजत. इथंही तसंच केलं आणि मथळा काही मध्ये येईना. जोडाक्षर दोन धरायचं का एक, तेच समजत नाही.

दुसरं, वर्गणीच्या यादीत रकमा उजवीकडून सरळ रेषेत पाहिजेत. स्पेसबार मारून मारून थकलो, एक रक्कम सरळ केली की दुसरी हलते.

बर्डीवाली :

मथळ्याची ओळ निवडून कंट्रोल आणि ई. मोजणं बंद. इथं अक्षरं मशीनसारखी सारख्या रुंदीची नाहीत, म्हणून तुमचा हिशोब चुकला. त्याच कारणाने स्पेसबारने रकमासुद्धा कधीच सरळ येणार नाहीत.

रकमांसाठी आडव्या पट्टीच्या डाव्या टोकाला, उभी पट्टी सुरू होते त्या कोपऱ्यात, एक छोटा चौकोन आहे. त्यात एल दिसतो. त्यावर क्लिक करत गेलं की खूण बदलते : डावा, मधला, उजवा, दशांशाचा. उलटा एल आला की थांबा. यादीच्या सगळ्या ओळी निवडा आणि पट्टीवर रकमा हव्यात तिथं क्लिक करा. नाव टाइप करा, टॅब मारा, रक्कम टाइप करा. रक्कम उजवीकडून डावीकडे सरकत जाईल. पैसे पण लिहायचे असतील तर दशांशाचा घ्या.

आणि छापण्याआधी लेआउटमध्ये साइज बघा. बऱ्याचदा तिथं लेटर असतं आणि प्रिंटरमध्ये कागद ए-फोर. लेटर रुंदीला थोडा जास्त, उंचीला कमी. त्यामुळे समास भलतेच येतात.

तर्रीपोहे :

काका, कंट्रोल-एस मारत जा. बॅटरी म्हातारी आहे म्हणता अन् लाइटचा भरवसा नाही. वर्ड मधूनमधून आपोआप जपून ठेवते, पण सहसा दहा मिनिटांनी. तेवढ्यात आपलं एक इतिवृत्त होऊन जाते.

खटखट_मामा :

साइज लेटरच होती. बदलली. रकमा एका रेषेत आल्या, दोनदा उठून लांबून बघितल्या. कोर्टासमोर असतो तर एवढ्या सरळ यादीचे दोन रुपये जास्त घेतले असते.

नोटीस एका पानात लागली. सेक्रेटरी चष्मा लावून म्हणाले, थोडं मोठं अक्षर नाही का जमत?

टाकी रविवारी धुणार आहेत.