हायब्रिड गाडीसाठी जादा पैसे मोजावेत का?

मूळ लेखन

एकाच मॉडेलची साधी पेट्रोल आणि हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड असलेली) अशी दोन रूपे समोर आली, की खरेदीदाराची नजर आधी मायलेजच्या आकड्यावर जाते आणि हिशेब तिथेच बिघडतो. किमतीतील फरकाला एका लिटर पेट्रोलच्या दराने भागावे आणि उत्तर येईल तितके लिटर ही गाडी आपल्याकडे असेपर्यंत वाचतील का, ते पाहावे. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरमागे १५ ऐवजी २२ किलोमीटर देऊ लागली, तर वर्षाकाठी सुमारे २१२ लिटर वाचतात. वापर निम्मा असेल तर १०६. सुट्टीच्या दिवशीच गाडी बाहेर काढणाऱ्याने हे जादा पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १ : असहमत

भागाकार बरोबर आहे, पण तो अपुरा आहे. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीत १९९७ पासून जी रचना आहे, तीत इंजिन आणि विजेच्या दोन मोटारी ग्रहीय गिअरने (मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाके फिरणाऱ्या संचाने) जोडलेल्या असतात. त्यामुळे क्लच, वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटर लागतच नाहीत, म्हणजे ते बिघडण्याचा प्रश्नही उरत नाही. वेग कमी करताना मोटार जनित्राचे काम करते आणि एरवी उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते, म्हणून ब्रेक पॅडही बराच काळ टिकतात. शिवाय वाहतूक कोंडीत इंजिन बंद ठेवून गाडी हळूहळू पुढे सरकते, तेव्हाच्या शांततेला तुमच्या भागाकारात जागा कुठे आहे?

प्रतिसाद २ : मूळ लेखनाशी सहमत

वरचे वर्णन पूर्ण हायब्रिडचे आहे. ‘माइल्ड हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत छोटी मोटार इंजिनाला केवळ हातभार लावते, ती एकटी चाके फिरवू शकत नाही आणि बचतही बेताचीच होते. विक्रेते मात्र दोन्हींची भलामण एकाच सुरात करतात. पूर्ण हायब्रिडचाही लाभ वारंवार थांबावे लागते तिथेच अधिक असतो. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे परत मिळवण्याजोगी ऊर्जाही थोडीच असते. आणि वॉरंटी संपल्यावर बॅटरी बदलावी लागली, तर तो खर्च कोणाच्या खात्यात मांडायचा?

प्रतिसाद ३ : दोघांशीही असहमत

बॅटरीची धास्ती अवाजवी आहे. पूर्ण हायब्रिडमध्ये ती पूर्ण भरू वा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही, नियंत्रक तिला मधल्या पट्ट्यातच खेळवतो आणि त्यामुळे तिचे आयुष्य वाढते. टॅक्सीसारख्या अखंड वापरातही अशा गाड्या वर्षानुवर्षे चालल्या आहेत. महामार्गावर लाभ घटतो हे खरे, परंतु तो शून्य होत नाही, कारण या गाड्यांत बहुधा ॲटकिन्सन पद्धतीचे इंजिन असते. त्याची जोर देण्याची क्षमता थोडी कमी असली तरी कार्यक्षमता जास्त असते आणि जोराची उणीव मोटार भरून काढते. २०१५ मध्ये आलेल्या प्रियसच्या इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे इंधनातील ऊर्जेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ४० टक्के होती, हे या संदर्भात लक्षात घ्यावे.

मूळ लेखकाचे उत्तर

बॅटरीविषयीचा मुद्दा मान्य आहे. तरीही कार्यक्षमतेची टक्केवारी म्हणजे वाचलेले लिटर नव्हेत. जड गाडीचे मायलेज १० वरून १५ वर गेले, तर १०,००० किलोमीटरला ३३३ लिटर वाचतात. मुळातच काटकसरी असलेल्या छोट्या गाडीचे २० वरून २५ वर गेले, तर फक्त १००. दोन्हीकडे वाढ पाचचीच आहे! म्हणून मोठी आणि शहरात भरपूर फिरणारी गाडी घ्यायची असेल, तर हायब्रिड जरूर घ्यावी. छोट्या गाडीच्या बाबतीत मात्र माझा नकार कायम आहे, आणि कोंडीतल्या शांततेचे मोल ज्याने त्याने वेगळे ठरवावे.