मदत हवी आहे : वॉटर सॉफ्टनर मीठ पुरेसे ओढत नाही

सर्वांना नमस्कार. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचे घर असून पिण्याखेरीज सर्व वापरासाठी बोअरवेलचे पाणी आहे. त्याचा जडपणा लिटरला सुमारे ६५० मिलिग्रॅम, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील ६०० या कमाल मर्यादेहूनही अधिक भरल्यामुळे, चार वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर हा जडपणा कमी करणारा सॉफ्टनर बसवला. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र मिठाच्या पाण्याने रेझिन (सॉफ्टनरमधील जडपणा शोषून घेणारे बारीक मणी) धुऊन घेतल्यावरही दुसऱ्याच दिवशी साबणाला फेस येईनासा होतो आणि नळांवर पुन्हा पांढरे क्षार धरतात. धुताना मिठाच्या टाकीतील पाण्याची पातळी जेमतेम दोन बोटे उतरते, त्यामुळे मीठ पुरेसे ओढलेच जात नसावे, असा माझा कयास आहे. टाकीच्या तळाशी घट्ट बसलेला मिठाचा थर काठीने फोडून पाहिला, जाळीही धुतली. फरक पडला नाही. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने काहीही न उघडता (टाकीचे झाकणसुद्धा नाही!) थेट रेझिन बदलण्याचा सल्ला दिला, तो मला पटलेला नाही. इंजेक्टर (टाकीतून मिठाचे पाणी ओढून घेणारा भाग) घरच्या घरी उघडून साफ करता येतो का, आणि रेझिन खरोखरच निकामी झाले आहे की त्यावर लोहाचा थर बसला आहे, हे कसे ओळखावे? खडे मीठ वापरावे की गोळ्यांचे, याबाबतही कोणाचा अनुभव असल्यास कृपया कळवावे.